आधी खाली, मग मागे

विजयमालाताईच्या कमरेला, निऱ्यांच्या बाजूला, मलमलीची एक पट्टी खोचलेली असायची. दर दोन दिवसांनी ती पट्टी उकळून वाळत घालायची. दोन्ही अंगठ्यांची नखं रविवारी अगदी मांसापर्यंत कापायची; बाकी आठ बोटांची वाढली तरी तिला चालायचं. भाकरीची कडक कड तोडून स्वतःच्या ताटात घ्यायची आणि मधला मऊ भाग नवऱ्याला, म्हणजे दादारावभाऊजींना, वाढायची. घरात ऊस आणायची नाही. पेरू आणला तर पातळ चकत्या करायची. गंमत सांगता सांगता भाऊजी आत आले की मध्येच थांबायची आणि भाजीचं काहीतरी बोलायची. माहेरी पांढुर्ण्याला गेली तर चारच्या बसनं परत यायची. सहाच्या बसनं कधीच नाही. आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला भाऊजींना जांभई यायला लागली की ताईची मूठ तिच्या स्वतःच्या हनुवटीखाली जायची.

हे सगळं मी सहा महिने पाहत होते. मला काही कळलं नव्हतं.

१९८५ साली मी नागपूरहून मराठीत एम.ए. करून सौंसरला घरी परतले, तेव्हा हे दोघं शेजारी राहायला आले होते. मध्ये फक्त तारेचं कुंपण. भाऊजी तहसील ऑफिसात बाबू. ताई बत्तीस वर्षांची, अकरावी पास. मूलबाळ नव्हतं. तिला मास्तरीण व्हायचं होतं. ट्रेनिंगच्या निवड परीक्षेसाठी ती माझ्याकडे निबंध लिहायला शिकायची. भाऊजी मला तुसडे वाटायचे. बोलताना ओठ जेमतेम हलायचे, हसणं तर नाहीच. मी एकदा ताईला विचारलं, भाऊजींना हसायला तहसीलदाराची मंजुरी लागते का? ताईनं आधी उठून दार लावलं. मग पोट धरून हसली.

जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही दोघी वह्या घेऊन बसलो होतो. भाऊजी ऑफिसच्या वेळेत घरी आले. तोंडावर दुपट्टा घट्ट धरलेला. मला जा म्हणायला ताईला वेळच मिळाला नाही. त्यांनी दुपट्टा काढला. तोंड उघडं होतं आणि मिटत नव्हतं. हनुवटी पुढे आली होती. लाळ गळत होती. डोळे मात्र माझ्याकडे होते, आणि त्यांत दुखण्यापेक्षा दुसरंच काही होतं.

ताईनं त्यांना भिंतीला डोकं टेकवून पाटावर बसवलं. पट्टीचे दोन तुकडे दोन अंगठ्यांना गुंडाळले. अंगठे त्यांच्या खालच्या दाढांवर ठेवले, बाकीची बोटं बाहेरून जबड्याखाली. खाली दाबलं. मग मागे ढकललं. खट्ट असा बारीक आवाज आला आणि त्यांचे दात तिच्या अंगठ्यांवर मिटले. भाऊजींनी तोंड पुसलं, पाणी प्यायले आणि ऑफिसला परत गेले.

ताईच्या अंगठ्यांवरचे पांढरे वण मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. मग तिनं सांगितलं.

१९७७ साली भाऊजींची खालची दाढ किडली. गाल सुजला. बाजारात पेटी मांडून दात काढणाऱ्या एका माणसापुढे ते जाऊन बसले. दाढ तुटली, मुळं आत राहिली. तो माणूस तासभर तोंड फाकवून मुळं उकरत राहिला. मुळं निघाली, पण तोंड मिटेना. त्यानं पेटी बंद केली आणि उठून गेला. दवाखान्यातले डॉक्टर सुट्टीवर होते. लोकांनी मोहगावच्या बाजूचा एक हाडवैद्य सांगितला, पुंडलिकराव म्हणून. त्याच्या हाताला गुण होता. दोघं बैलगाडीनं तिथे गेले. पुंडलिकरावांनी ओसरीवरूनच विचारलं, कोणत्या मोहल्ल्यातले? ताईनं सांगितलं. मग ते म्हणाले, आज माझा हात दुखतो आहे. बाई, तूच कर, मी इथून सांगतो.

तिनं पदराची पट्टी फाडली. अंगणात, उन्हात, ते सांगत गेले तशी ती करत गेली. दोनदा चुकली, कारण ती जबडा स्वतःकडे ओढत होती. तिसऱ्यांदा बसला. दात मिटले ते थेट तिच्या अंगठ्यावर, कापडासकट. पुंडलिकरावांनी वरून शाबासकी दिली.

“चांगले होते माणूस,” ताई म्हणाली. “शिकवलं त्यायनं. फक्त खाली उतरले नाही.”

एकदा निसटलेला जबडा मग निसटतच राहिला. जांभई, मोठं हसू, मोठा घास, हुंदका. पहिल्या वर्षी एकदा ताई पांढुर्ण्याला मुक्कामी राहिली. भाऊजींचा जबडा त्याच संध्याकाळी निसटला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती परत येईपर्यंत ते आतून कडी लावून तसेच बसून होते. कुणाकडे गेले नाहीत. त्यानंतर ताई एकाही रात्री घराबाहेर राहिली नाही. नऊ वर्षं.

इलाज नव्हता असंही नाही. १९८४ साली तिनं त्यांना नागपूरला दातांच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. तो कागद ताईनं मला दाखवला. कानापुढे जबड्याची गोटी एका खोबणीत फिरते. खोबणीच्या पुढे एक लहानसा उंचवटा असतो. तोंड फार उघडलं की गोटी उंचवटा ओलांडून पलीकडे जाऊन बसते. मग गालाचे स्नायू घाबरल्यासारखे आवळतात आणि तिला परत येऊ देत नाहीत. म्हणून आधी खाली दाबून तिला उंचवट्याच्या खाली आणायचं आणि मगच मागे ढकलायचं. गोटीला धरून ठेवणाऱ्या शिरा त्या दिवशी तासभर ताणल्या गेल्या, त्या सैलच राहिल्या होत्या. चार आठवडे हनुवटी बांधून ठेवून पाहता येईल, सांध्यात सुई देऊन शिरा कडक करता येतील, नाहीतर कानापुढे लहान ऑपरेशन करून उंचवटाच घासून टाकता येईल, असं बाई म्हणाल्या. यांना ऑपरेशनच बरं, असंही म्हणाल्या. भाऊजींनी विचारलं, चेहरा वाकडा होईल का? बाई खरं बोलल्या. क्वचित होतो, बहुतेकदा काही महिन्यांत सुधारतो.

बसस्टँडवर भाऊजी ताईला म्हणाले, “तू आहेस न.”

मला हे सांगून तिनं कागदाची घडी केली.

१९८६च्या जूनमध्ये तिची निवड झाल्याचं पत्र आलं. छिंदवाड्याला ट्रेनिंग, होस्टेलवर राहायचं, एक जुलैला हजर व्हायचं. वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी अर्ज करता येणार नव्हता. भाऊजींनी पत्र दोनदा वाचलं आणि घड्याळाखाली ठेवलं. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. चार दिवस तिनं वाट पाहिली. पाचव्या दिवशी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, तुझे अंगठे दाखव.

ती स्वतः पाटावर बसली. माझे अंगठे तिनं आपल्या दाढांवर ठेवून घेतले आणि मान हलवून मला सांगत राहिली. किती दाबायचं, कुठे नाही दाबायचं. अंगठे बाहेर काढले की बोलायची. “ओढायचं नाही. सगळे ओढतात. आधी खाली, मग मागे.” खाली दाबणं मला आठवडाभरात जमलं. मागे ढकलणं शिकता येईना. जागेवर असलेला जबडा आणखी मागे जाणार कुठे? ते वेळेवर शिकवीन, ती म्हणाली.

घरी आले की आई अंगणातच माझ्या हातांवर पाणी ओतायची. ती काय धुऊन काढते आहे ते मला कळायचं, आणि मी हात पुढे धरायचे. त्या धरलेल्या हातांची मला आज लाज वाटते.

भाऊजींना आमचं शिकणं कळलं तेव्हा ते जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, माझ्या तोंडात दुसऱ्याचा हात नको.

“दुसऱ्याचा हात पाहिजे होता तवा भेटला नाही,” ताई म्हणाली. “आता भेटून राहिला, तर नको.”

ते उठून गेले.

अठ्ठावीस जूनला सकाळी ताईनं मला कुंपणावरून हाक मारली. भाऊजी पाटावर बसले होते, तोंड उघडं. ताईनं पट्टी काढली आणि माझ्या अंगठ्यांना गुंडाळली. म्हणाली, स्मिता करते, मी पाहून राहिली. भाऊजींनी मान हलवली. मी जवळ गेले तर त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. ताई बाहेर जाऊन आमच्याकडे पाठ करून ओट्यावर बसली.

मी त्यांना विनवलं. त्यांना बोलता येत नव्हतं. ओठ मिटल्याशिवाय विजयमाला हे नाव घेता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. घशातून नुसता आ निघत होता. अर्धा तास असा गेला. आत ते, बाहेर ती, आणि मध्ये मी, अंगठ्यांना कापड बांधून.

मग भाऊजी उठले. दुपट्टा खुंटीवरच राहिला. ओट्याच्या पायरीवर जाऊन ते ताईसमोर गुडघ्यांवर बसले. समोर नळावर बायका होत्या. नऊ वर्षं लपवलेलं तोंड त्यांनी सगळ्या गल्लीसमोर उघडं धरलं. घागरी भरून वाहायला लागल्या. कुणी सरकवल्या नाहीत.

ताईनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

“आण,” ती मला म्हणाली, आणि माझ्या अंगठ्यांवरची पट्टी सोडून घेतली. एका श्वासात झालं.

एक जुलै आला आणि गेला. पत्र घड्याळाखालीच राहिलं. त्या दिवसाबद्दल ताई माझ्याशी एकदाच बोलली. म्हणाली, ह्यायच्या डोळ्याकडे पाहायलेच नव्हतं पाहिजे मी. त्यानंतर तिनं मला पाटावर बोलावलं नाही. निबंधाच्या वह्या ती शेजारच्या मुलींना देऊन मोकळी झाली. चारची बस तशीच चालू राहिली.

दोन वर्षं अशीच गेली आणि या सप्टेंबरात पांढुर्ण्याला तिची आई पडली. मांडीचं हाड मोडलं. अंथरुणावरून उठणं नाही. ताई रोज सकाळच्या बसनं जायची आणि चारच्या बसनं यायची. तीन आठवडे. आई तिला रोज विचारायची, आज राहतेस काय?

बुधवारी ती कुंपणापाशी आली. तिचा चेहरा मला नीट वाचता येईना. म्हणाली, “हे हो म्हणाले. स्मितालेच शिकव म्हणे.”

मागे ढकलणं कसं शिकवणार, मी विचारलं.

“रविवारी मुद्दाम निसटवतो म्हणे. तुह्यासाठी.”

आम्ही दोघी तारेला धरून उभ्या होतो. मग ती पहिल्यांदाच दार न लावता हसली. मी महिनाभर राहणार आहे आईपाशी, म्हणाली. महिनाभर.

गुरुवारी तिला ताप भरला. मलेरिया डोक्यात गेला असं डॉक्टर म्हणाले. शुक्रवारी तिनं कुणाला ओळखलं नाही. शनिवारी सकाळी नागपूरला नेण्यासाठी जीप दारात आली, तेव्हा ती गेलेली होती. पस्तीस वर्षांची होती.

भाऊजी रडले नाहीत. स्मशानात सगळ्यांनी बुद्धवंदना म्हटली तेव्हा त्यांचे ओठ नुसते हलले. हनुवटीखालून डोक्यावर त्यांनी दुपट्टा घट्ट बांधला होता. लोक म्हणाले, दगड आहे माणूस. म्हाताऱ्या सुखदेवकाकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, रडून घे बाबू, मोकळा हो. भाऊजींनी मान हलवली. ते का रडत नाहीत ते तिथे फक्त मला माहीत होतं. मी कुणाला सांगितलं नाही.

रविवारी दहाच्या सुमाराला मी गेले. का गेले ते सांगता येत नाही. भाऊजी दारापाशी बसले होते, दुपट्टा तसाच बांधलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि आत बोट दाखवलं. भिंतीला टेकवून पाट मांडलेला होता. तिनं बुधवारीच मांडला असावा. पाटावर नवी मलमल होती, माझ्या अंगठ्यांच्या मापानं अरुंद. एक पट्टी कापून, उकळून, घडी करून ठेवलेली. दुसरी अर्धीच कापलेली, आणि कात्री अजून कापडातच.