मूसने कान वळवले तेव्हा

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचले आणि हसून सोडून दिले. कोणाला पांढरी साडी दिसते, कोणाला मागून हाका येतात... मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला माणूस. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते मी मानत नाही. बायको याला खडूसपणा म्हणते. तरी आज लिहायला बसलोय, कारण गेल्या जूनपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला राहतो. बाबा गेल्यावर आईला सांगलीहून इकडे आणलं. थंडी, डिशवॉशर, नातीचं इंग्लिश – सगळं तिला जमलं. एकच जमेना. ती रोज पहिली पोळी गाईसाठी बाजूला काढते. गोग्रास. लग्न झाल्यापासूनचा नेम आहे तिचा. आता इथे गाय कुठून आणणार? ती पोळी ओट्यावर वाळायची आणि संध्याकाळी मी गुपचूप कचऱ्यात टाकायचो. तिला ते कळायचं. तिचा चेहरा उतरायचा, त्याचंच जास्त वाईट वाटायचं.

जूनमध्ये मूस, म्हणजे घोड्याएवढं इथलं रानटी हरीण, बघायला म्हणून उत्तरेला गनफ्लिंट ट्रेल या जंगलातल्या रस्त्यावर केबिन भाड्याने घेतली. केबिनच्या म्हाताऱ्या मालकाने नीट समजावून सांगितलं. उजाडता उजाडता निघा, गाडी हळू चालवा, रस्त्यालगतची उथळ, चिखलाची तळी बघत जा. या दिवसांत मूस पाण्यातल्या वनस्पती खायला उतरतात. तळ्यात काळा बुंधा दिसला आणि तो हलला, तर तो बुंधा नाही. त्यांची नजर यथातथाच, पण कान फार तिखट. आणि सोबत पिल्लू असेल तर गाडीतून अजिबात उतरू नका. मादीने कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे केले, की ती अंगावर येते आणि तुडवते.

हे सगळं मी आईला सांगितलं. फक्त सोपं जावं म्हणून वर एक वाक्य जोडलं – "मूस म्हणजे इथली रानगायच समज." लेक लगेच म्हणाली, "आजी, इट्स नॉट अ काऊ." पण आईने जे ऐकायचं ते ऐकलं होतं. माझ्या मूर्खपणाला तोड नाही.

दुसऱ्या दिवशी बायको आणि लेक झोपलेल्या होत्या. मी आणि आई दोघंच निघालो. सव्वापाचच्या सुमारास एका तळ्याशी गाडी थांबवली, काचा खाली केल्या. दुधावर साय धरावी तसं पाण्यावर धुकं होतं. इतकं शांत, की आपण अजून अंथरुणातच आहोत असं वाटत होतं... आणि मग पाण्यातून एक भलंमोठं डोकं वर आलं. तोंडातून पाणी निथळत होतं. मागे गुडघाभर पाण्यात तांबूस पिल्लू. मी डॅशबोर्डवरच्या फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बघतच राहिलो. किती वेळ गेला, सांगता येणार नाही.

दार कधी उघडलं ते कळलंच नाही. आई गाडीच्या पुढे पोचली होती. अंगात माझं जुनं जॅकेट, हातात घरून रुमालात बांधून आणलेली पोळी. ती थेट काठाकडे चालली होती. मादीत आणि तिच्यात आमच्या हॉलएवढंही अंतर राहिलं नव्हतं. मादीने कान मागे पाडले. मानेवरचे केस उभे राहिले. मी ओरडायला तोंड उघडलं आणि... आवाज फुटेना. खरंच फुटेना. पायही हलेनात. आई आता माझ्या डोळ्यांदेखत जाणार, एवढंच कळत होतं.

आणि आई थांबली. तिने उजवीकडे वळून बघितलं. तिथे नुसता रिकामा काठ होता. मग पोळी जॅकेटच्या खिशात ठेवून ती एकेक पाऊल मागे सरकत आली आणि गाडीत बसली. मादी पिल्लाला घेऊन धुक्यात निघून गेली.

मी तिला काय काय बोललो ते लिहीत नाही. ती मात्र शांत होती.

"आले ना मागे," ती म्हणाली. "ते म्हणाले, शालू, मागे ये. म्हणून आले."

"कोण म्हणालं?"

"तुझे बाबा. तू नाही ऐकलंस?"

आईला शालू म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि तेही चारचौघांत कधी नाही. लहानपणी बंद दाराआडून ऐकलं, म्हणून मला माहीत.

भीतीने भास झाला असेल, दुसरं काय... घरी पोचेपर्यंत मी स्वतःला हेच समजावत होतो. मग व्हिडिओ बघितला. पाण्याचा आवाज आहे, एका पक्ष्याचा आहे, माझ्या श्वासाचा आहे. हाक नाही. पण आई थांबते ना, अगदी त्याच क्षणी मादीचे मागे पडलेले कान पुढे येतात आणि उजवीकडे वळतात. पिल्लाचेही. तिघं एकदम त्या रिकाम्या काठाकडे बघतात.

मूसचे कान पान हललं तरी वळतात, मान्य आहे. मी त्यानंतर दोनदा तिथे जाऊन आलो. तीच जागा, तीच वेळ, काचा खाली. मूसही आले नाहीत आणि दुसरं काही झालंही नाही.

आईला यात काही नवल वाटत नाही. ओट्यावर पोळी वाळली तरी हल्ली तिचा चेहरा उतरत नाही. मी मात्र अजून तो व्हिडिओ हेडफोन लावून, आवाज पूर्ण वाढवून ऐकतो. भीतीबिती वाटत नाही. वाईट एवढंच वाटतं, की त्या पहाटे बाबा बोलले असतील, तर ते आईने ऐकलं, त्या जनावराने ऐकलं, त्याच्या पिल्लानेसुद्धा ऐकलं. मी तिथेच होतो, काच उघडी होती... मलाच ऐकू आलं नाही.