उखाबापूंना हवा होता तो दाखला

उखाबापू माझ्या समोरच्या खुर्चीवर कधी बसले नाहीत. शहाद्याच्या कोर्टाबाहेर, कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. पक्षकारांसाठी टेबलापलीकडे दोन खुर्च्या ठेवलेल्या असतात. बापू त्यातली एक उचलायचे, टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आणायचे आणि माझ्या खांद्याला खांदा लावून बसायचे. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "बापू, तिकडे बसा, म्हणजे नीट बोलता येईल." तर म्हणाले, "वकील आपला माणूस ऱ्हास. आपला माणूसना समोर काय बसो? समोर तं इरुद्ध पार्टी बठस."

त्यानंतर ते आले की नवे पक्षकार त्यांनाच नमस्कार करत. पांढरं धोतर, टोपी, जाड भिंगांचा चष्मा, त्यामुळे मोठे वकील ते आणि कागद पुढे सरकवणारा कारकून मी, असा अनेकांचा समज होई. एका माणसाने तर आपली सगळी हकिगत बापूंना सांगितली. बापूंनी शांतपणे ऐकून घेतली आणि "तडजोड करी ल्या" असा सल्लाही दिला. तो मानला गेला. माझे सल्ले फारसे मानले जात नसत.

बापू ब्राह्मणपुरीचे. थोडी शेती, आणि उमेदीची वर्षं एका जिनिंग कारखान्यात यंत्रावर काढलेली. माझ्याकडे आले तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेली होती. माझी वकिली सहा वर्षांची. वकिली म्हणजे प्रतिज्ञापत्रं, वारस नोंदी, आणि त्या सुमारास नव्याने जडलेलं ग्राहक कायद्याचं वेड. हे वेड मीच गावभर सांगून ठेवलं होतं. परिणाम असा की तालुक्यात कुणाच्या साडीचा रंग गेला किंवा पंख्याने घरघर केली की माणसं थेट माझ्याकडे येत. एका गृहस्थांना कुकरची शिट्टी वाजत नाही म्हणून कंपनीच्या मालकाने ब्राह्मणपुरी रस्त्यावरच्या त्यांच्या घरी येऊन ती वाजवून दाखवायला हवी होती. मी "बघू" म्हणालो होतो. नाही म्हणायला अंगात दम लागतो, आणि तो माझ्यात नव्हता.

बापूंनी पहिल्या दिवशी टॉवेलात गुंडाळलेली एक तसबीर आणली. ती माझ्या पुढ्यात उघडून ठेवली. फोटोत स्वतः बापू होते, नवी टोपी घालून, आणि त्यांच्या शेजारी गोरीपान, गुळगुळीत चेहऱ्याची एक बाई.

"हाई कोन शे, सांगा," बापू म्हणाले.

मी निरखून पाहिलं. "सूनबाई का?"

बापूंनी टेबलावर थाप मारली. "हाऊच मन्हा पुरावा! लिखी ल्या. आते तुमीच मन्हा साक्षीदार."

ती सून नव्हती. ती झेलाबाई होत्या, बापूंच्या पत्नी. नातवाच्या लग्नाआधी दोघांनी शहाद्यातल्या एका स्टुडिओत जोडीचा फोटो काढला होता, आयुष्यातला पहिलाच. स्टुडिओवाल्याने कॉम्प्युटरवर झेलाबाईंचा सावळा रंग धुऊन काढला, सुरकुत्या पुसल्या, आणि हनुवटीवरचे तीन ठिपके व कपाळावरची चंद्रकोर हे गोंदणही साफ करून टाकलं. लग्नाच्या दिवशी पाहुण्यांदेखत तसबीर भिंतीवर लागली. झेलाबाईंनी ती पाहिली आणि नवऱ्याला एकच प्रश्न विचारला, "हाई बाई इतला वरीस कोठे दपाडी ठेयेल व्हती?" म्हणजे, ही बाई इतकी वर्षं कुठे लपवून ठेवली होतीस?

पाहुणे हसले. झेलाबाई हसल्या नाहीत. बापूंनीच सांगून आपल्याला गोरं करून घेतलं, अशी त्यांची खात्री झाली होती. त्या दिवसापासून त्यांनी बापूंशी बोलणं बंद केलं. ताट वेळेवर यायचं, पण मुकाट्याने.

"भांडती तं बरं व्हतं," बापू म्हणाले. "घरमा इतलं गुपचूप माले सोसत नही."

मी वही उघडली आणि विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"

"दोन कामे शेत," बापू म्हणाले. "एक, कोर्टनी लिखी देवाले जोयजे, गोल शिक्कासंगे, की उखानी 'बायकोले गोरी कर' असं सांगं नही व्हतं. तो दाखला मी झेलीले दखाडसू. आनि दुसरं, तुमी काळा कोट घाला आनि मन्हासंगे त्या दुकानवर चाला. फक्त उभं ऱ्हावानं. बोलानं काहीच नही."

मी हसलो. घरी मी अहिराणीच बोलतो, पण कोट अंगावर असला की तोंडात आपोआप पुस्तकी मराठी येते. मी त्यांना समजावलं की कोर्ट असा दाखला देत नाही, आणि वकील असा दुकानासमोर नुसता उभा राहत नाही. आपण सदोष सेवेबद्दल रीतसर नोटीस देऊ, मग नंदुरबारला ग्राहक आयोगात तक्रार दाखल करू, मनस्तापाची भरपाई मागू. बोलता बोलता मीच रंगात आलो. माझ्या डोळ्यांपुढे बापू नव्हतेच. ग्रामीण स्त्रीच्या चेहऱ्यावरची ओळख पुसण्याचा हक्क कुणाला, असा प्रश्न घेऊन मी मुंबईपर्यंत पोचलो होतो. माझं नाव निकालपत्रात छापून आलं होतं. बापूंची अपेक्षा अवास्तव होती हे मला लगेच कळलं. माझी अपेक्षा कुणाच्या तोंडून ऐकू येत नव्हती, म्हणून ती मला तशी वाटली नाही.

नोटीस चार पानी झाली. 'विद्रूपीकरण', 'असह्य मानसिक क्लेश', 'सामाजिक अवहेलना' असे सगळे शब्द मी एकेक करून त्यात बसवले. बापूंना वाचून दाखवली. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि विचारलं, "यामा झेलीनं नाव कोठे शे?"

"'तक्रारदाराची पत्नी' असं लिहिलं आहे ना, सात वेळा."

"सात येळा लिखं, तं एक येळा नाव लिखता उनं असतं."

कायद्याने त्याची गरज नाही, असं मी म्हणालो आणि नोटीस पाठवून दिली.

पंधरा दिवसांनी स्टुडिओवाल्याच्या वकिलाचं उत्तर आलं. त्यात सर्व आरोप नाकारले होते आणि फोटोतले बदल 'तक्रारदाराच्या तोंडी सूचनेनुसार' केल्याचं म्हटलं होतं. मी बापूंना म्हणालो, "खोटं बोलतात. सगळे असंच उत्तर देतात." बापूंनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला. मग म्हणाले, "खोटं मी कधी बोलस नही, वकीलभाऊ. पन समदं सांगस असंबी नही." हे वाक्य त्यांच्या तोंडी नेहमीचं होतं, त्यामुळे मी त्याकडे लक्ष दिलं नाही. तक्रारीचा मसुदा लिहिण्यात मी गुंग होतो.

बापू दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी यायचे. पिशवीत माझ्यासाठी कधी पपई, कधी हरभऱ्याचे टहाळे. शेजारी बसून विचारायचे, "दाखला कवय भेटी?" म्हणजे, कधी मिळणार? मी म्हणायचो, प्रक्रिया असते. मग ते म्हणायचे, "तं मंग कोट घाली चाला." मी म्हणायचो, तसं चालत नाही. असे तीन महिने गेले. बार रूममध्ये माझे मित्र मला 'गोंदणवाले' म्हणू लागले. ब्राह्मणपुरीत झेलाबाई गप्पच होत्या.

मार्चमध्ये एका दुपारी बापू आले ते खुर्ची न उचलताच उभे राहिले. चेहरा उतरलेला होता. झेलाबाई सारंगखेड्याला माहेरी भावाकडे निघून गेल्या होत्या आणि आठ दिवसांनी परत आल्या होत्या; जाताना काही सांगितलं नव्हतं, येतानाही नाही. बापू एवढंच म्हणाले, "चाला." त्या दिवशी मला नाही म्हणता आलं नाही. कोट घातला आणि भर उन्हात त्यांच्या मागून निघालो. कोपऱ्यावर रसवंतीवाल्याने विचारलं, "साहेब, जप्ती का?" मी गंभीरपणे मान हलवली. का हलवली ते मला आजही सांगता येणार नाही.

स्टुडिओवाला तिशीतला, भिडस्त माणूस निघाला. कोट पाहून तो उठूनच उभा राहिला. त्याने आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाला, "साहेब, नोटीस आली त्याच दिवशी मी बाबांकडे येणार होतो. पण आमचे वकील म्हणाले, आता तू एक शब्द बोलायचा नाही." त्याने कॉम्प्युटर सुरू केला. मूळ फोटो तिथे जसाच्या तसा होता. झेलाबाई कपाळावर आठी घालून बघत होत्या, हनुवटीवर तीन ठिपके, वर चंद्रकोर. "दहा मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. "आधी सांगितलं असतं तर त्याच दिवशी करून दिलं असतं."

तीन महिने, चार पानं आणि सात 'तक्रारदाराची पत्नी' माझ्या डोळ्यांपुढून सरकून गेल्या.

फोटो छापत असताना तो खाली बघून म्हणाला, "पण बाबा, एक विचारू? तुम्हीच म्हणाला होता ना, नातवाचं लग्न आहे, सुरतकडचे पाहुणे येणार आहेत, हिला जरा उजळ कर म्हणून?"

मी बापूंकडे पाहिलं. बापू फोटोच्या यंत्राकडे पाहत होते.

"बापू, हे खरं आहे?"

"खरं शे."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी इचारंच नही."

आणि ते खरं होतं. मी पावती विचारली होती, तारीख विचारली होती, मनस्तापाने झोप लागते की नाही हे विचारलं होतं. तुम्ही तसं म्हणाला होता का, एवढं मात्र विचारलं नव्हतं. उत्तर आलं असतं तर माझी केस गेली असती, ही धास्ती मला कुठेतरी असणार.

"मी 'जराखी' म्हनेल व्हतं," बापू हळू आवाजात म्हणाले. "त्यानी तं समदी बाईच बदली टाकी. लगन व्हयनं तवय मन्हा घरना लोके तिले काळी म्हनेत. मी तवयबी गुपचूप व्हतू. मन्हा मनमा उनं, एक फोटोमा तरी कोनी काही बोलाले नको." मग म्हणाले, "कोर्टनी लिखी दिधं असतं ना, मी सांगं नही व्हतं असं, तं मालेबी खरं वाटतं."

माझ्याकडे आजवर आलेल्या माणसांनी खूप काही मागितलं होतं. घडलेली गोष्ट घडली नाही असं करून द्या, हे बापूंइतकं सरळ कुणी मागितलं नव्हतं. पण बहुतेकांना तेच हवं असतं, हे त्या दिवशी माझ्या ध्यानात आलं.

नवी तसबीर घेऊन आम्ही माझ्या मोटारसायकलवर ब्राह्मणपुरीला गेलो. बापू म्हणाले होते, "तुमी सांगा तिले. तुमले बोलता येस." वाटेत मी मनातल्या मनात भाषण जुळवलं. झेलाबाई ओट्यावर सुक्या मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. मी समोर उभा राहिलो, "आजी, सदर प्रकरणात..." म्हणालो आणि मिरचीचा ठसका लागून वाकून खोकू लागलो. काळ्या कोटातला माणूस दारात खोकतो आहे हे पाहून त्यांनी विचारलं, "कोन मरनं?"

त्यांनी पाणी दिलं. मी ते पीत असतानाच बापू पुढे झाले. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, "झेले, मीच सांगेल व्हतं."

झेलाबाईंनी देठ खुडणं थांबवलं नाही. "माले माहीत शे," त्या म्हणाल्या.

"कवयपासून?"

"पहिला दिनपासून. तुन्हा तोंडवर लिखेल व्हतं. तू कवय सांगस, त्यानी वाट दखी ऱ्हायंती."

मग त्यांनी नवी तसबीर मागून घेतली, पदराने काच पुसली आणि स्वतःच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. "आठी कितली मोठी शे," म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. मन्हीच शे." पुरावा म्हणून माझ्याकडे ठेवलेली जुनी तसबीरही आम्ही आणली होती; ती मी परत न्यायला निघालो तर त्यांनी अडवलं. "तीबी लाव. हाई मी. आनि ती याले जोयजे व्हती ती." तीन महिन्यांनी बापूंकडे बोट करून त्या हसल्या, आणि बापू असे लाजले की मला कुठे बघावं कळेना.

तक्रार मी दाखल केलीच नाही. माझं नाव कुठेही छापून आलं नाही. पण बापू माझी भलामण करत तालुकाभर फिरले. "हाऊ वकील चांगला शे. केस चालो, नही चालो, घर येस." त्यामुळे आता माणसं माझ्याकडे त्याही अपेक्षेने येतात. कुकरच्या शिट्टीवाल्या गृहस्थांकडे मी स्वतः जाऊन आलो. शिट्टी वाजली नाही, पण जेवण चांगलं झालं.

बापू गेल्या वर्षी गेले. चार दिवस तापाचं निमित्त झालं, आणि गेले. मी दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, ब्राह्मणपुरीला गेलो. अशा वेळी काय बोलावं हे मला कधीच सुचत नाही. त्यामुळे मी झेलाबाईंना तेच म्हणालो जे मला येतं. "आजी, सातबाऱ्यावर वारस नोंद करावी लागेल, मृत्यूचा दाखला आला की मी सगळे कागद..."

"कागद ऱ्हाऊ दे, भाऊ," त्या म्हणाल्या. "च्या ली ले पहिले."

मी चहा घेतला. त्या बापूंबद्दल बोलू लागल्या. जिनिंगच्या दिवसांत अंगाला चिकटलेल्या कापसासकट ते घरी कसे यायचे, पहिल्या मुलाच्या वेळी तापीला पूर असताना ते प्रकाशा गावाहून कसे चालत आले, त्यांना वांग्याचं भरीत कसं आवडायचं आणि मिरची कशी सोसायची नाही. एकातून दुसरं निघत होतं, पुन्हा पहिल्यावर येत होतं. दोन तास मी ऐकत होतो. मध्ये एकदाही त्यांना 'मुद्द्यावर या' म्हणालो नाही.