रहीमभाईंनी आज मला ‘तुमी’ म्हटलं

मंडळी, हे पत्र वाचून नेहमीसारखं पुढच्याकडे धाडा.

आमच्या सहकारी संघाची तीन बांधकामं सध्या माझ्याकडे आहेत आणि तिन्हींना मिळून सिमेंटचं सरकारी परमिट एकच. मोर्शीला संत्री तोडणीला आली, तिथल्या शेडवर अजून छत नाही. म्हणून आज सकाळी जठारपेठेतल्या गोदामाचं सगळं सिमेंट तिकडे हलवलं. गोदामाचं बांधकाम बंद पडलं.

तिथले मिस्त्री रहीमभाई. माझ्या हातात पहिली थापी त्यांनीच दिली. “काहून बे गनपत, तुले मोर्शीच दिसते का?” हे ऐकायच्या तयारीनंच मी गेलो होतो.

विडी विझवून ते उभे राहिले. “तुमी म्हणान तसं, साहेब.”

“रहीमभाई, मी गनपतच आहो ना.”

“गनपत एका कामावर राहे. तुमाले तीन पाहा लागते.” आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

मग कामावरचे सगळे डबे उघडून गोल बसले. माझ्यासाठी त्यांनी खुर्ची मागवली, थोडी दूर, सावलीत.

सिमेंट हलवणं बरोबरच होतं. पण तुम्हीही माझ्यासारखेच थापी सोडून वर चढलात म्हणून विचारतो, कामावर तुम्हाला ‘तू’ म्हणणारं कोणी उरलंय का?