चार मिनिटांचं दर्शन

त्र्यंबकेश्वरच्या त्या लॉजच्या मालकांनी प्रत्येक खोलीत टीव्ही बसवला होता आणि हौसेने एक चॅनेल मंदिरातल्या थेट दर्शनाला दिलं होतं. ज्यांना रांगेत उभं राहवत नाही, त्यांनी पलंगावरून हात जोडावेत. अडचण एवढीच की काउंटरवरचं बुकिंगचं कॉम्प्युटर दिवसभर रखडायचं. त्यासाठी नेटवर्कची कामं करणाऱ्या मला त्यांनी नाशिकच्या गंगापूर रोडवरून बोलावलं.

कारण लगेच सापडलं. जिन्याखाली स्विच होता, म्हणजे सगळ्या खोल्यांच्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. कुणी बघो न बघो, तो सगळी चॅनेलं सगळ्या वायरींवर सोडत होता. काउंटरच्या बिचाऱ्या कॉम्प्युटरवरही तीच आदळत होती. मी स्विचची सेटिंग बदलली : ज्या खोलीने जे चॅनेल मागितलं, तेवढंच तिला. दोन खोल्यांत टीव्ही लावून पाहिला. बुकिंग पळायला लागलं. मालक खूश. चहा घेऊन मी स्कूटर काढली.

अंजनेरीपर्यंत आले तोच फोन.

"मॅडम, देव गेले."

"कुठे गेले?"

"सगळ्या खोल्यांतून! नुसता काळा पडदा."

परत फिरले. सात नंबरमध्ये रिमोट घेतला, चॅनेल बदलून पुन्हा दर्शनावर आणलं. चित्र स्वच्छ.

"दिसतंय की," मी म्हणाले. नऊ नंबरमध्येही तसंच. आम्ही जिना उतरतोय तोवर सात नंबरवाले दारात उभे : पुन्हा गेलं. असे तीन फेरे झाले. मालक धापा टाकत कठड्याला टेकले.

"तुम्ही खोलीत असेपर्यंत दिसतं. मॅडम, हा तुमचा पायगुण आहे. दोन दिवस मुक्कामच करा."

तक्रार नव्हती ती फक्त बारा नंबरची. तिथे सटाण्याकडच्या एक आजी गुडघ्याला शाल गुंडाळून बसल्या होत्या. घरचे सगळे दर्शनाच्या रांगेत. टीव्ही व्यवस्थित चालू.

"आजी, तुमचा बंद नाही पडत?"

"पडस ना," आजी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "चार मिनिटं चालस, मंग बंद. मी दुसरं चॅनेल लावस नि परत आठेच, देवावर येस. मंग चालस."

अंगठा रिमोटवर तयारच होता. मी सेटिंग बदलल्यापासून बाई हेच करत होत्या, अगदी विनातक्रार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टुलावर बसून मोबाइलवर वेळ लावली. चार मिनिटं वीस सेकंद. पुन्हा लावली. तेवढीच.

मग डोक्यात उजेड पडला. खोली चॅनेल मागते ते लावताना, एकदाच. त्यानंतर "अजून बघताय का?" असं मधूनमधून कुणीतरी विचारावं लागतं. विचारलं तरच टीव्ही "हो" म्हणतो. ते काम मी कुणाला दिलंच नव्हतं. चार मिनिटं टीव्हीकडून "हो" आलं नाही की स्विच समजायचा, खोलीत कुणी नाही.

मालकांना हे सांगितलं. "म्हणजे पंगतीत वाढपी आहे, पण 'काय हवं' विचारत फिरणारं कुणी नाही?"

"अगदी तसंच."

"मग नेमा की कुणाला तरी!"

नेमलं. स्विचलाच विचारायला बसवलं, काम मिनिटभराचं. मग मालकांसह बारा नंबरमध्ये येऊन बसले. आजींना म्हटलं, आता हात लावू नका. चार मिनिटं झाली. पाच झाली. आजींचा अंगठा रिमोटवर घुटमळत होता. सात मिनिटांनी त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला, "आते तू देख" म्हणाल्या आणि आडव्या होऊन घोरायला लागल्या.

पंधराव्या मिनिटाला दर्शन आटोपून सून आत आली. सासूबाई झोपलेल्या पाहून तिने भिंतीवरचं टीव्हीचं बटण बंद केलं.

"गेले! मॅडम, पुन्हा गेले!" मालक ओरडले, आणि आजी दचकून उठून उशीखाली रिमोट शोधायला लागल्या.