आत्तीची पट्ट्यावरची गाडी

आमच्या आत्तीला, म्हणजे आत्याला, कुणी "हे आता तुला जमायचं नाही" म्हटलं, की ती आधी पदर खोचायची आणि मग विचारायची, "काय जमायचं न्हाय?" काम कोणतं ते नंतर कळायचं, करायचं हे आधीच ठरलेलं असायचं.

नवऱ्यामागं तिनं कोल्हापुरात पिठाची गिरणी चालवली. गिरणीत शिरली की पहिल्यांदा नाक वर. चक्कीचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू येतो, चक्की फिरवणारा पट्टा घसरून जळायला लागला तर तो वास आपल्यालाच घ्यायला लागतो, असं तिचं मत. माणसांनाही ती तशीच जोखायची. मला म्हणायची, "तू जळत न्हाईस, पण फिरतबी न्हाईस." मी कॉमर्सचा पदवीधर. घरातला फ्यूज गेला की बायको शेजाऱ्यांना हाक मारते. मी टॉर्च धरतो.

सत्तरी ओलांडल्यावर आत्ती स्कूटरवरून पडली, मनगट मोडलं. तिचा मुलगा सुनील पुण्याहून आला आणि प्लास्टर निघायच्या आत स्कूटर विकून मोकळा झाला. पुढं फोनवर म्हणाला, "आई, एकटीला तुला बाहेर पडता येत नाही. तिथं बसून करणार काय? दिवाळी झाली की न्यायला येतो."

आत्तीनं फोन ठेवला आणि पदर खोचला.

बंद केलेल्या गिरणीत खुंटीला पट्टे लटकत होतेच. जुन्या ई-रिक्षाची मोटर आणि बॅटऱ्या तिनं कुठूनशा मिळवल्या. मुश्ताकभाई वेल्डरनं तीनचाकी गाडीचा सांगाडा जोडून दिला. तो म्हणाला, "आत्ती, साखळी बसवूया की."

"साखळीला रोज तेल पाजा आन् लुगड्याला काळं लावून घ्या! पट्टा गप चालतो."

मोटरवर लहान पुली, मागच्या आसावर मोठी, मध्ये पट्टा. त्यात पदर जाऊ नये म्हणून तेलाचा डबा कापून केलेलं झाकण. आता चढावर बघायचं तर मागं वजन हवं. तिनं मला फोन केला, "गिरणीत आता पोती न्हाईत. तू ये."

कळंब्याच्या वाटेवरच्या चढावर मी मागं बसलो. निम्म्यात मोटर नुसतीच गरगरली, रबर जळाल्याचा वास आला आणि आम्ही मागं मागं घसरायला लागलो. "उतर की लेका!" मी उतरलो, खरं सांगायचं तर पडलो. चहाच्या गाड्यावरून कुणीतरी ओरडलं, "मावशी, बैल जुपा!"

"तूच ये की, जागा मोकळी हाय!"

पट्टा आणखी आवळ, असा सल्ला मी दिला. तिनं आवळून बघितला, तर बेरिंग चटका बसण्याइतकं तापलं. "आवळून काय होत न्हाय. पट्ट्याला पुली कवळायला मिळाली पाहिजे." मग तिनं पट्ट्याच्या ढिल्या बाजूला बाहेरून दाबणारं एक छोटं चाक बसवून घेतलं. पट्टा लहान पुलीला जास्त वळसा घालू लागला. पुढच्या खेपेला आम्ही तोच चढ चढलो, बैलाच्याच चालीनं, पण मी न उतरता. चहाच्या गाड्यापाशी तिनं विनाकारण हॉर्न वाजवला.

दिवाळी झाली, सुनील आला. आत्तीची बॅग भरलेली नव्हती. गाडीभोवती फिरून तो म्हणाला, "आई, रस्त्यात काही झालं तर?"

"झालं तर झालं. तुझ्या चौथ्या मजल्यावर मला काय होनारच न्हाय, त्येचं भ्या वाटतंय."

सुनीलनं आपली बॅग उचलली. मग घुश्शात म्हणाला, "ठीक आहे. निघतो मी."

"बस मागं. सोडतो ष्टँडवर," आत्ती अस्सल कोल्हापुरी थाटात म्हणाली.

बॅग मांडीवर घेऊन, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून मान खाली घालून तो बसला. मी मोटारसायकलवरून मागोमाग. ते दृश्य मी सोडणार होतो थोडाच! पण चढ लागला, गाडी न कुरकुरता वर गेली आणि त्याची मान हळूहळू वर आली. स्टँडवर तो पाया पडला. "आई, हेल्मेट तरी घाल."

"आणलंस तर घालतो," म्हणाली आणि निघायला आलेल्या एसटीला थांबवून तिथंच गाडी वळवली.

पुढच्या खेपेला सुनील हेल्मेट घेऊन आला. दोन आणली होती.