चार तारांचा पंचनामा

ती घटना आजही आठवली की मी बसल्या जागी जमिनीवरचे पाय वर उचलून घेतो. बायको हसते. हसू दे, तिने ती खोली पाहिलेली नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो आणि चारकोपची औद्योगिक वसाहत आमच्या हद्दीत यायची. लोखंडी शटर लावलेले गाळे, कुठे पत्रा कापायचं मशीन, कुठे प्लास्टिकचे डबे, कुठे पॅकिंग. एका मंगळवारी दुपारी वॉचमन धापा टाकत आला. एका रिकाम्या गाळ्यात पाश्चात्त्य गाणी वाजवणारी चार पोरं तालीम करायची, त्यातलं एक मरून पडलं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा वसाहतीची वीज गेलेली होती. गाळ्याला खिडकी नाही. टॉर्चच्या उजेडात पाहिलं, तर तेवीस-चोवीस वर्षांचा सडपातळ मुलगा एका मोठ्या स्पीकरच्या पेटीमागे, भिंतीवरच्या नळाच्या पाइपाजवळ पडला होता. पोटावर गिटार. गळ्यात चांदीची साखळी, आणि त्या साखळीखाली मानेभोवती बारीक लालसर वळ.

माझा हवालदार पंचनामा लिहायला बसला. अक्षर मोत्यासारखं आणि आत्मविश्वास कमिशनरचा. त्याने गिटार उचलून पेटीला टेकवून उभी केली, टॉर्च मारला, तारा मोजल्या आणि लिहिलं, ‘गिटार एक, जुनी, सहापैकी दोन तारा गहाळ.’ दोन्ही पंचांनी सह्या ठोकल्या. मीही ठोकली. गिटारला सहा तारा असतात हे सिनेमा पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक होतं.

मानेवर वळ, दोन तारा गहाळ. माझ्या डोक्यात खून तिथेच शिजला. वस्तू जागच्या जागी ठेवून आम्ही शटर ओढलं, कुलूप लावलं, लाखेचं सील ठोकलं. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. शवविच्छेदनात डॉक्टरांनी मरणाच्या कारणाबद्दल मत राखून ठेवलं, त्यामुळे माझा संशय आणखी घट्ट झाला.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या पॅकिंगच्या गाळ्यातली एक बाई ठाण्यात आली. चाळिशीची, धीट. पण बाकावर टेकलीसुद्धा नाही.

“साहेब, तो अजून वाजवतो.”

“कोण?”

“मेला तोच. बुधवारपासून. आमच्या टेबलावरचं पाणी थरथरतं. कानाला नीट ऐकू येत नाही, पायातून वर चढतं. तीन पोरी काम सोडून गेल्या. शेठने नारळ ठेवला शटरपुढे, तरी बंद होत नाही.”

“उंदीर असतील बाई.”

“उंदीर सुरात असतात काय?” ती म्हणाली आणि तिने चक्क गुणगुणून दाखवलं. दोन पायऱ्या खाली, मग एक वर, मग थांबायचं. पुन्हा तेच. ठाणे अंमलदाराचं लिहिणं थांबलं. 

उठता उठता तिने मला हवी ती खबर दिली. सोमवारी त्या मुलाचं आणि गिटार वाजवणाऱ्या दुसऱ्या एकाचं जोरदार भांडण झालं होतं. दुसरा ओरडला होता, “तू वाजव नाहीतर नको वाजवू, लोकांना कळणार पण नाही!”

हा दुसरा म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. बोरिवलीचा, ऑफिसात नोकरी करणाऱ्या मध्यमवर्गीय घरातला, लांब केसांचा. वाद्यवृंदात पुढे उभा राहायचा तो हाच. पोरी टाळ्या वाजवायच्या त्या ह्यालाच. दुपारच्या आत त्याला आणून समोर बसवला.

चौकशीचं एक तंत्र असतं. हातातला पत्ता दाखवायचा नाही. दोन तारा गहाळ आहेत हे मी त्याला सांगितलं नाही. फक्त विचारत राहिलो.

“तारा कुठे टाकल्यास?”

“कुठल्या तारा, सर?”

“तुला माहिती आहे कुठल्या.”

“सर, आईशप्पथ, मी मंगळवारी तिकडे गेलोच नाही. भांडण झालं होतं ना आमचं.”

“कशावरून?”

तो म्हणाला, “गाणी तो बनवायचा. सगळी. लोक माझी समजायचे, मी पण कधी बोललो नाही. सोमवारी तो पहिल्यांदा म्हणाला, यार, एकदा तरी सांग ना स्टेजवरून. मला राग आला.”

म्हणजे हेतूही मिळाला. मी त्याच्या दोन कानाखाली दिल्या. त्या काळी कोणाला त्यात वावगं वाटत नसे, आणि मलाही वाटलं नाही. तो रडला, पण तारांचं काही बोलेना. आमचे वरिष्ठ निरीक्षक म्हणाले, “संध्याकाळपर्यंत तारा काढ आणि ३०२ लाव, नाहीतर पोराला घरी सोड.” बाहेर बाकावर त्याचे वडील ऑफिसच्या बॅगेसकट बसून होते. पोराचं उभं आयुष्य माझ्या त्या संध्याकाळवर टांगलेलं होतं आणि मला फक्त तारा दिसत होत्या. म्हटलं, ह्याला जागेवर नेऊ, तिथे फुटेल.

तीन वाजता आम्ही गाळ्यापाशी उभे होतो. मी, हवालदार, दोन पंच आणि तो. पलीकडे पत्रा कापायचं मशीन चालू होतं. बाई म्हणाली होती ते खरं निघालं. आवाजाच्या आधी बुटांच्या तळव्यांना समजलं. खालून काहीतरी मोठं, संथ, घुमत येत होतं. हवालदार मारुतीचं नाव घेऊ लागला. एक पंच म्हणाला, “साहेब, मी बाहेरूनच सही करतो.”

सील तोडलं, शटर अर्ध्यापर्यंत वर केलं. आत अंधार, आणि त्यात पेटीवर तांबडा दिवा लुकलुकत होता. टॉर्च मारला. हवालदाराने टेकवून ठेवलेली गिटार तशीच उभी होती. सगळ्यात जाड तार आपोआप हलत होती. जवळ चिटपाखरू नव्हतं, आणि तार इतकी हलत होती की ती एक न दिसता धूसर पट्टा दिसत होता.  पण चार माणसांसमोर पोलिसाला घाबरता येत नाही. तार दाबून आवाज बंद करावा म्हणून मी पुढे झालो आणि हात लांब केला.

“हात लावू नका!” मित्र किंचाळला आणि त्याने माझी कॉलर धरून मला मागे ओढलं. आम्ही दोघेही आपटलो. “करंट आहे त्यात! ही घरघर अर्थिंग नसल्याची आहे, पेटीतला अँप चालू आहे सर! त्याने घरी जुळवलेला अँप होता तो. मी हजारदा सांगितलं होतं त्याला, टू-पिन प्लगवर चालवू नकोस!”

शेजारच्या गाळ्यातून टेस्टर आणला. दांड्याने धरून तारेला लावला, तर टेस्टरचा दिवा पेटला.

मग सगळं सरळ झालं. मंगळवारी मेलेला मुलगा एकटाच वाजवत होता. पेटीमागे काहीतरी बघायला वाकला, हात तारांवर, गळ्यातली साखळी लोंबून लोखंडी पाइपाला टेकली. वीज त्याच्या हातातून शिरली आणि गळ्यातून गेली. आम्ही पोहोचेपर्यंत वसाहतीची वीज गेली होती म्हणून आम्ही वाचलो. संध्याकाळी ती परत आली तेव्हा खोलीला आमचं सील होतं, आत पेटी चालूच होती. मशीनने जमीन हलायची, जमिनीने तार, तारेने पेटी, आणि पेटीच्या आवाजाने पुन्हा तार. पुढे डॉक्टरांनीही तो वळ भाजल्याचाच ठरवला.

वसाहतीचा मेन स्विच बंद करवल्यावर मी गिटार मित्रापुढे धरली आणि शेवटी माझा पत्ता टाकला. “मग हिच्या दोन तारा कुठे आहेत?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “कुठल्या दोन? ही बास गिटार आहे, सर, खालचे जाड सूर वाजवायची. बासला चारच असतात.” मग डोळे पुसत म्हणाला, “त्याला सगळे हेच विचारायचे. दोन तारा तुटल्या का रे तुझ्या? तो हसायचा फक्त.”

हवालदाराने खाली बघितलं. मीही. लिहिलेला पंचनामा खोडता येत नाही, म्हणून आम्ही पुरवणी पंचनामा केला.

महिन्याभराने मुलाचे आईवडील गिटारचा ताबा घ्यायला आले. मूळचे मालवणकडचे, वडील बंद पडलेल्या गिरणीतले कामगार. मित्रही आला होता, टेपरेकॉर्डर आणि त्यांच्या गाण्यांची कॅसेट घेऊन. त्याने ती माझ्या टेबलावर लावली. आईने शेवटपर्यंत मन लावून ऐकली.

“ह्येच्यात माझो झील खंय आसा?” आपला मुलगा कुठे ऐकू येतो ते शोधत तिने विचारलं. “ही गिटार तर तुझी.”

 त्याने वरचे सूर कमी करायचं बटण पूर्ण फिरवलं. गाणं विरघळून गेलं आणि खाली जे होतं तेवढं उरलं. “काकी, इथे हात ठेवा,” म्हणून त्याने तिचा तळहात टेपरेकॉर्डरवर ठेवला. तिचा चेहरा हळूहळू बदलला.

“ह्योच,” ती म्हणाली. “जेवताना पाय असोच हलवी. मी किती येळा बोललंय, पाय हलवू नको म्हणान.” वडिलांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मी मात्र वेगळंच ऐकत होतो. दोन पायऱ्या खाली, मग एक वर, मग थांबायचं. त्या बाईने गुणगुणलं होतं तेच. नुसत्या मशीनच्या हादऱ्याने एक सूर घुमेल, चाल कशी वाजेल? तिने पूर्वी त्याची तालीम ऐकली असेल आणि तेच डोक्यात राहिलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. केस डायरीत लिहिलं नाही.

पुढे पंचवीस-एक वर्षं नोकरी केली. जो समोर उभा राहून मोठ्याने बोलतो त्याचं ऐकून घ्यायचो आणि मग मागे भिंतीला टेकलेल्या माणसाला आत बोलवायचो. बरीच प्रकरणं त्याच माणसाने सोडवली. हे त्या मुलाने शिकवलं, ज्याला मी जिवंत कधी पाहिलंच नाही.

त्याच्या मित्राला मी त्याच शुक्रवारी संध्याकाळी सोडलं. वडिलांच्या बॅगेशेजारी उभा राहून, सुजलेल्या गालाने तो मला “थँक यू, सर” म्हणाला. तीन तासांपूर्वी त्याने माझा जीव वाचवला होता, आणि त्याच्या थोडंच आधी मी त्याच्या कानाखाली दिल्या होत्या. मी नुसती मान हलवली आणि रजिस्टर उघडलं. चुकलो, एवढा एक शब्द बोलायचा राहून गेला. तो कुठे असेल मला माहीत नाही. हे त्याच्या वाचनात आलं तर त्याने समजून घ्यावं, मी चुकलो होतो.