आकाशपाळण्यात तिला कोणी बसवलं

आमच्या घरात एक गोष्ट अजून सांगितली जाते. घरातल्या मुलांच्या आत्याला, म्हणजे माझ्या बहिणीला, पाहायला अमरावतीचे लोक आले आणि आत्या आकाशपाळण्यात बसून ओरडत होती, म्हणून चांगलं स्थळ हातचं गेलं. गेल्या हिवाळ्यात बहिणीच्या तेरवीलाही ती कोणीतरी सांगितली. लोक त्या दुःखातही थोडे हसले. मी पत्रावळीकडे पाहत बसलो. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात मी कुठेच नाही, आणि मी असायला हवा.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षीची थंडी. आम्ही अकोल्याला जठारपेठेत राहत होतो. वडील कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात काट्यावर होते. कापसाच्या गाड्या वजन करून घ्यायचं काम. दिवाळीनंतर जिन सुरू झालं की होळीपर्यंत ते घरी फक्त जेवायला आणि झोपायला येत, तेही भुवयांत कापूस घेऊन. मी नुकताच कचेरीत लागलो होतो. बहीण माझ्याहून धाकटी, मॅट्रिक झालेली, रंगानं सावळी आणि आवाजानं मोठी. स्वयंपाकघरात हसली तर रस्त्यावर ऐकू यायचं.

तिला दोनदा दाखवून झालं होतं. दुसऱ्या वेळी मुलाकडच्या बाईंनी तिला खिडकीपाशी नेलं आणि रंग नीट दिसावा म्हणून तिचा हात उन्हात धरला. ते लोक गेल्यावर तिनं पोह्यांच्या बशा विसळता विसळता आईला सांगितलं, "आता मले कोणाले दाखवू नको. मी का बजारातली गाय आहो?"

मग मामांनी तोड काढली. मामा अमरावतीचे, तिथलंच एक स्थळ त्यांच्या पाहण्यात होतं. त्या काळी असं करत. मुलीला घरी दाखवायचं नाही, देवळात किंवा जत्रेत दाखवायचं. पसंत पडली तर पुढचं बोलणं, नाही तर दोन्ही घरं एकमेकांना भेटलीच नाहीत असं धरून चालायचं. अमरावतीला थंडीत मैदानावर मोठं प्रदर्शन भरे. मामांनी आईला आणि मला बाजूला घेतलं.

"पोरीले सांगू नका. सांगतलं का अवघडते ती. तुमी प्रदर्शन पाह्याले आले, ते बी आले. दिवे लागले का लोकरीच्या दुकानापाशी उभे राहा. ती शाली पाह्यन, ते तिले पाह्यतीन. झालं!"

मला ही तोड फार आवडली. बहिणीचा अपमान वाचेल असं खरंच वाटलं. घरात मीच जाहीर केलं की आपण अमरावतीला आकाशपाळण्यात बसायला जायचं. आकाशपाळण्याचं नाव मामांनी घेतलं नव्हतं. ते मी घातलं. नुसत्या प्रदर्शनाला ती आढेवेढे घेईल, पाळणा म्हटलं की येईल, हे मला माहीत होतं.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. हातानं फिरवायचे लाकडी पाळणे तिनं अकोल्याच्या जत्रेत पाहिले होते. अमरावतीचा इंजिनावर चालतो आणि त्याला विजेचे दिवे असतात, हे मामीकडून कळल्यावर तिनं शेजारच्या कडुलिंबाला दोर बांधला आणि रोज झोके घ्यायला लागली. आई ओट्यावर तूर निवडता निवडता ओरडायची.

"उतर व! लग्नाची पोट्टी अन् झाडाले लोंबकळून राह्यली."

"सराव करून राह्यली, आई."

"कायचा?"

"डोये उघडे ठेवून खाली पाह्याचा. मामी म्हणे, वर गेलं का सगळ्या बाया डोये मिटतात. मंग वर जाऊन फायदा काय?"

पहाटेच्या पॅसेंजरनं निघायचं, बडनेऱ्याला गाडी बदलायची. बरोबर धपाटे आणि जवसाची चटणी. दही नको, सांडतं. संत्री तिकडेच घ्यायची. आईच्या शालीला भोक पडलं होतं, ते बहिणीनं इतकं बारीक रफू केलं की शोधून सापडेना. माझ्या कोटाची बटणं बदलली. वडील जेवायला बसले की त्यांच्या मागे लागायची.

"बाबा, तुमी कावून नाई येत? एक दिवस तं हाये."

"जिन का माह्या सासऱ्याचं हाये? अन् मी आलो तं तुही माय पाळण्यात मले धरन. लोक पाळणा सोडून आम्हालेच पाह्यतीन."

आई लाजून चुलीकडे वळली. बहीण इतकी हसली की तिला ठसका लागला. पण वडील उठून गेल्यावर आई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सांगून देऊ का रे तिले? मले तिच्याकडे पाह्यवत नाई."

"नको," मी म्हणालो. "मंग ती येणार नाई."

ठरल्या दिवशी अमरावतीला उतरलो आणि टांग्यातूनच तिला पाळणा दिसला. तेव्हापासून ती विचारत होती, आता? आई म्हणत होती, दिवे लागल्यावर. आई आणि मामी एका कडेला सतरंजी टाकून बसल्या. मामा पाहुण्यांना आणायला गेले. ती माझी बाही धरून माझ्याबरोबर हिंडत होती. ऊन अजून बरंच होतं. तेवढ्यात मला कॉलेजातला एक मित्र भेटला. मौत का कुआँचा खेळ सुरू होणार होता, तो मला ओढायला लागला. बहिणीला तिथल्या धक्काबुक्कीत नेणं बरं दिसलं नसतं, आणि मला तर जायचं होतं.

"चाल, बस एकदाची," मी तिला म्हणालो. "दिवे लागायच्या आत उतर."

एका पाळण्यात लेकरू मांडीवर घेऊन एक बाई बसली होती. तिच्या शेजारी मी बहिणीला बसवलं, पाळणेवाल्याला जास्तीच्या फेऱ्या सांगितल्या आणि गेलो.

नवऱ्या मुलाचे वडील म्हातारे होते, खोकल्यानं हैराण. थंडी वाढायच्या आत घरी परतावं म्हणून ते लोक ऊन असतानाच आले. लोकरीच्या दुकानापाशी आमच्यापैकी कोणीच नव्हतं. मामा इकडेतिकडे पाहत असताना त्यांना वरून आवाज आला. तिचा आवाज किती मोठा, हे मी सांगितलंच आहे. पदर वाऱ्यावर सुटलेला, दोन्ही हात वर आणि खाली पोट्टे शिट्ट्या मारत होते. मामा चमकून वर पाहायला लागले म्हणून पाहुण्यांनीही वर पाहिलं. "हीच का?" म्हाताऱ्यांनी विचारलं. मामांना खोटं बोलता येत नसे. पाहुण्यांनी समोरच्या दुकानातून एक मफलर घेतला आणि ते निघून गेले.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी परत आलो तेव्हा ती नुकतीच उतरत होती. केस सगळे तोंडावर. तिनं माझा दंड धरला.

"भाऊ, वरून पाह्यलं ना, तं..."

तेवढ्यात मामा आले. त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं.

"हिले पाळण्यात कोणं बसवलं?"

तिला वाटलं, एवढ्या गर्दीत तिला एकटीला सोडलं म्हणून मामा मला रागावताहेत. लहानपणापासून आम्ही एकमेकांचा मार असाच वाचवत आलो होतो.

"मीच बसली, मामा," ती हसत म्हणाली. "भाऊ नाईच म्हणत होता. मलेच राह्यवलं नाई."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही.

बडनेऱ्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना आईला रडू फुटलं आणि तिनं सगळं सांगून टाकलं. बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. आता ती बोलेल, असं मला वाटलं. बोलावं, असंही वाटलं. तिनं आईच्या खांद्यावरून घसरलेली शाल नीट केली आणि विचारलं, "म्हणजे आपण पाळण्यासाठी नाई आलो होतो?"

तेवढ्यात गाडी लागली आणि मी पिशव्या उचलल्या.

पोरगी उंडगी आहे, ही गोष्ट आमच्या आधी अकोल्याला पोचली असावी. पुढे स्थळं आली ती बिजवरांचीच. शेवटी पातूरजवळच्या एका गावात तिला दिली. घरात आधीची लेकरं होती. माणूस वाईट नव्हता. तिनं संसार केला, ती लेकरं स्वतःची केली. पण त्या घरात मी अनेकदा राहिलो आणि तिचं हसणं मला कधी ओट्यापर्यंत ऐकू आलं नाही.

आई जाईपर्यंत म्हणायची, "तेवढं राह्यवलं असतं तं पोरगी अमरावतीत असती." बहीण समोर असली तर ऐकून घ्यायची. माझ्याकडे बघायची नाही. दर भाऊबीजेला ती पाट मांडायची आणि मी मनाशी ठरवायचो की ओवाळून झालं की बोलायचं. ओवाळून झालं की ती विचारायची, "भाऊ, घरचे कसे हायेत? जेवाले वाढू?" आणि मी जेवायला बसायचो. तिला सांगण्यासारखं काही नव्हतंच, तिला सगळं माहीत होतं. सांगायचं होतं ते आईला, मामांना. ते दोघेही गेले. तेरवीला तिची मुलं, सुना, नातवंडं समोर होती. तेव्हाही मी जेवलोच.

घरातल्या मुलांनी ही गोष्ट पुढे सांगायची असेल तर जरूर सांगावी, पण अशी सांगावी. 'मला कोणाला दाखवू नका' असं आत्यानं आधीच म्हटलं होतं. तिला पाळण्याचं आमिष तिच्या भावानं दाखवलं. आई सांगायला निघाली होती, तिला भावानं अडवलं. पाळण्यात त्यानंच बसवलं आणि विचारलं तेव्हा तो गप्प राहिला.

आणि ती वरून डोळे उघडे ठेवून पाहून आली होती. खाली उतरून काहीतरी सांगत होती. तिला काय दिसलं होतं, ते मी नंतर कधीच विचारलं नाही.